काउंटरस्पेल मारायचा तर फासे पडू द्या

सुटीत पुण्या-मुंबईहून जळगाव-धुळ्याला आलेल्या पोरांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं रंगवायच्या खेळाचा डाव मांडला की तासाभरात भांडण ठरलेलं. राक्षसाशी नाही, आपसात. कोणाचा स्पेल, म्हणजे मंत्र, आधी लागला, यावरून. हा प्रश्न नियमांचं पुस्तक उघडलं तर दोन मिनिटांत सुटतो, म्हणून पहिला सल्ला हाच, की पुस्तक उघडू देऊ नका. मे महिन्यात कुलरचा वारा कॅरेक्टर शीट, म्हणजे पात्रांच्या माहितीचे कागद, उडवत असतो. पुस्तक त्यांच्यावर ठेवा. वजनाला ते उत्तम आहे.

सुरुवात काउंटरस्पेलपासून, म्हणजे दुसऱ्याचा स्पेल मोडणाऱ्या स्पेलपासून करा, सगळ्यात जास्त पीक त्यातच आहे. नियम असा, की ६० फुटांच्या आत कोणी स्पेल टाकताना दिसला, तर आपली रिअॅक्शन (राउंडमध्ये एकदाच मिळणारी झटपट कृती) खर्चून तो अडवायचा. टाकताना, टाकून झाल्यावर नाही. आता समोरच्या जादूगाराने फायरबॉल सोडलाय आणि डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, नुकसान मोजायचे आठ फासे मुठीत खुळखुळवतोय. नवशिके इथेच ओरडतात आणि स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका कोटा) घालवून बसतात. तुम्ही शेवेचा मोठा बकाणा भरा. आठ फाशांची सरासरी २८ येते. फासे चटईवर पडले, एक कुलरच्या स्टँडखाली गेला, तो काढून बेरीज झाली १९. गिळून टाका, शेवही आणि काउंटरस्पेलही. तिसऱ्या लेव्हलचा स्लॉट वाचला. बेरीज ३५ च्या पुढे गेली तर मात्र हात वर करायचा: 'थांब रे भो! मी कधीचा काउंटरस्पेल म्हणतोय, तोंडात शेव होती!' शेव साक्षीला असतेच, निम्मी तुमच्या शर्टवर.

डीएम हुशार निघाला तर पंचाईत होते. तो स्पेलचं नावच सांगत नाही. 'तो काहीतरी टाकतोय, अडवणार का?' एवढंच विचारून तुमच्याकडे बघत बसतो. आणि २०१७ साली आलेल्या पुरवणी पुस्तकात लिहिलंय, की चालू स्पेल ओळखायचा तर त्यातच तुमची रिअॅक्शन जाते. म्हणजे ओळखणाऱ्याला अडवता येत नाही. अशा वेळी शेजारच्याला ओळखायला लावा आणि त्याने ते तुम्हाला ओरडून सांगितलं असं धरा. एवढ्या वेळात ओरडून होतं का, असा मुद्दा कोणी काढलाच तर आनंद माना. अख्खा राउंड सहा सेकंदांचा असतो, आणि 'फायरबॉल शे!' म्हणायला किती वेळ लागतो यावर सहज अर्धा तास निघतो. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून म्हणून दाखवा.

काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल ही तर पर्वणी. तुमचा फायरबॉल अडवणाऱ्याचा काउंटरस्पेल तुम्ही स्वतःच्याच टर्नला, रिअॅक्शनने अडवू शकता. हे २०१४ च्या नियमात चक्क बसतं, त्यामुळे यात फार मजा नाही. मजा आणायची तर 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळणारा एखादा मावसभाऊ बोलवा. तिथे १९९९ च्या सहाव्या आवृत्तीपासून स्टॅक आहे: शेवटी टाकलेलं आधी सुटतं. डी अँड डीच्या पुस्तकात असा स्टॅक नाही, पण मावसभाऊ तो आहे असं गृहीत धरूनच बोलतो, आणि बाकीचे त्याला तो नाही हे पटवून देण्यात रमतात.

एक खबरदारी. घरातल्या आबांना विचारायला जाऊ नका. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ज्यांच्या ओट्यावर दिवसभर पत्ते चालतात, ती माणसं अशा वेळी घातक. त्यांना ना विझार्ड माहीत, ना स्लॉट. सगळं ऐकून ते एवढंच म्हणतील, 'टाकेल पान उचलानं नही,' आणि कूस बदलतील. संपूर्ण संध्याकाळ फुकट.

त्यापेक्षा आवृत्त्यांचा आधार घ्या. २०१४ च्या पुस्तकात तिसऱ्या किंवा त्याखालच्या लेव्हलचा स्पेल काउंटरस्पेलने सरळ मरतो. २०२४ च्या पुस्तकात ज्याचा स्पेल अडवला त्याला कॉन्स्टिट्यूशनचा (काटकपणाचा) सेव्ह, म्हणजे फासा टाकून वाचायची संधी, मिळतो आणि सेव्ह हुकला तरी त्याचा स्लॉट वाचतो. म्हणजे तुम्ही अडवताना २०१४, तुम्हाला अडवताना २०२४. दोन्ही पुस्तकं अधिकृत आहेत, खोटं तुम्ही काहीच बोलत नाही. बोनस अॅक्शनचंही, म्हणजे टर्नमधल्या जादा छोट्या कृतीचंही असंच. हीलिंग वर्ड हा बोनस अॅक्शनचा स्पेल टाकलेल्या टर्नला फक्त एका अॅक्शनचा कॅन्ट्रिप (स्लॉट न लागणारा स्पेल) चालतो, हा २०१४ चा नियम दुसऱ्याच्या क्लेरिकला (पुजारी पात्राला) ऐकवायचा असतो. आणि अगदीच अडलात तर फर्स्ट एडिशन काढा: तिथे राउंड एक मिनिटाचा, त्याचे दहा सेगमेंट, आणि प्रत्येक स्पेलला किती सेगमेंट लागतात ते वेगळं. या कलमावर आजवर कोणी चढून आलेलं मी पाहिलं नाही, कारण बसलेल्यांपैकी कोणी ते वाचलेलंच नसतं. तुम्हीही नाही.

शील्ड या बचावाच्या स्पेलचं सोपं आहे. तुमच्यावर वार लागला हे कळल्यावर शील्ड टाकता येतो आणि एसी (वार लागायला गाठावा लागणारा आकडा) त्या वारासकट तुमच्या पुढच्या टर्नपर्यंत पाचने वाढतो. नियमात 'लागला' एवढंच कळायला हवं, किती आले ते नाही. तुम्ही आधी आकडा विचारा, तोही सहज, पाण्याचा तांब्या पुढे करताना. १५ च्या एसीवर १७ आले तर शील्ड. २३ आले तर हसून मार खा. त्याने खिलाडूवृत्तीचं नाव होतं.

'मी तयारीतच होतो' हे वाक्य पाठ ठेवा. स्पेल रेडी करून, म्हणजे ठरवलेली गोष्ट घडली की सोडायचा म्हणून, धरला तर स्लॉट तेव्हाच जातो, कॉन्सन्ट्रेशन लागतं आणि ठरवलेली गोष्ट घडलीच नाही तर सगळं वाया. म्हणून रेडी कधी करायचं नाही, होतो म्हणायचं.

शेवटी डीएम, म्हणजे ज्याला सगळे जिभाऊ म्हणतात तो, वैतागून निकाल देईल. पुस्तकाने त्याला तो अधिकार दिलाय, तेव्हा उघड बंड करू नका. 'जिभाऊ म्हणताहेत तर आजपुरतं तसं' असं म्हणा. आजपुरतं, हे मोठ्याने. रात्री ग्रुपवर नियमाचा फोटो टाका, खालची ओळ कापून. कापलेल्या ओळीत काय आहे असं कोणी विचारलं तर पुस्तक खोलीत आहे आणि लाइट गेलीय. दुसऱ्या दिवशी त्याला भुसावळहून गाडी असते. विषय दिवाळीवर जातो. तोवर आपले हिट पॉइंट (पात्राचा उरलेला जीव) फायरबॉलच्या आधी होते तेवढे लिहून ठेवा, पेन्सिलीने नको, बॉलपेनने.