बोटं हलतात म्हणून हाड शाबूत? असं नसतं
पाय मुरगळला आणि बोटं हलत असतील तर हाड मोडलेलं नाही, असा मेसेज फिरतो आहे. तो चुकीचा आहे. बोटं हलवणारे मुख्य स्नायू पोटरीत असतात. त्यांच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे दोर) पावलातल्या पाच लांब हाडांवरून (मेटाटार्सल) थेट बोटांपर्यंत जातात. त्यामुळे मेटाटार्सल मोडलं तरी बोटं हलू शकतात.

पाऊल आत वळून मेटाटार्सल मोडलंच, तर बहुधा करंगळीकडच्या पाचव्या मेटाटार्सलचं बूड (टाचेकडचं टोक) मोडतं. पावलाच्या बाहेरच्या कडेला, करंगळी आणि टाचेच्या साधारण मध्यावर हाताला लागणारा उंचवटा तो हाच. तिथे दाबल्यावर दुखलं किंवा चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढाच. तोही पावलाचा, नुसत्या घोट्याच्या फिल्ममध्ये हे फ्रॅक्चर निसटू शकतं. उंचवट्याच्या जरा पुढे मोडलं तर रक्तपुरवठा तोकडा, म्हणून हाड जुळायला उशीर लागतो.