‘येशूने दशांश रद्द केला’ हे खरं नाही

बायबलमधल्या मत्तय २३:२३ चा दाखला देत ‘येशूने दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देणं) रद्द केला, फक्त दया पुरे’ असा मेसेज गेले काही दिवस कोल्हापुरातल्या आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी पाठवला त्यांनी ते वचन अर्ध्यावरच सोडलंय.

पुदिना, शेप, जिरं यांचाही दशांश काटेकोर देणाऱ्या शास्त्री-परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या यहुदी धर्मपंडितांना आणि कडक नियम पाळणाऱ्या पंथाच्या लोकांना, येशू सुनावतो, की नियमशास्त्रातल्या मुख्य गोष्टी, म्हणजे न्याय, दया आणि विश्वास, तुम्ही टाकून दिल्यात. पण त्याच वचनाचा शेवट बघा: या मुख्य गोष्टी करायच्या होत्याच, आणि त्या दशांशाच्याही सोडायच्या नव्हत्या. रद्द कुठं केलं? लक्ष्मीपुरीत घेतलेल्या शेपूच्या जुडीतल्या काड्या मोजून दहावी बाजूला काढायची, आणि भाजीवालीचे राहिलेले पैसे मात्र बुडवायचे, असला हा परूश्यांचा प्रकार. पुढच्याच वचनात मुरकूट (चिलटासारखा बारीक किडा) गाळून उंट गिळण्याची गोष्ट येते. जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या ११व्या अध्यायाप्रमाणं उंटही अशुद्धच, म्हणजे खायला मनाई, म्हणून टोमणा जास्त झोंबतो.

आणखी एक. ‘विश्वास’साठी मूळ ग्रीक शब्द ‘पिस्तिस’. त्यात श्रद्धा येते तसा इमानही येतो. न्याय आणि दयेच्या पंगतीत मला इमान हाच अर्थ जवळचा वाटतो. जुन्या करारातलं मीखा ६:८ शेजारी ठेवून वाचा, तिथंही न्याय, दया आणि देवासोबत नम्रपणे चालणं असं एकत्र येतं.

आजच्या मंडळीनं दशांश द्यावा की नाही, यावर वाद घाला खुशाल. फक्त त्यासाठी हे वचन कापू नका.