‘१५ दिवसांत गोरेपणा’ : त्या संदेशातला एकेक दावा तपासून पाहू

लग्नसराई जवळ आली की घरोघरच्या ग्रुपवर एक संदेश फिरतो : सकाळी लिंबू आणि खाण्याचा सोडा चोळा, रात्री मेडिकलमधली ट्यूब लावा, मानेचा काळेपणा घासून काढा, १५ दिवसांत कायमचे गोरे व्हा. अपाय काही नाही, आत्मविश्वास वाढेल.

‘कायमचे गोरे.’ मूळ रंग आनुवंशिक असतो. मेलॅनिन (त्वचेला रंग देणारं द्रव्य) बनवणाऱ्या पेशींची संख्या सावळ्या-गोऱ्या माणसांत जवळपास सारखीच असते. त्या किती आणि कोणतं मेलॅनिन बनवतात, यात फरक असतो. तुमचा मूळ रंग दंडाच्या आतल्या बाजूला दिसतो. उन्हानं रापलेला चेहरा फार तर तिथवर परत येईल.

‘लिंबू-सोडा.’ त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) ५ च्या आसपास असतो. लिंबाचा रस २ च्या जवळ, सोडा ८ च्या वर. दोन्हींनी वरचा संरक्षक थर बिघडतो आणि आग होते. सावळ्या त्वचेवर ती आग शमली तरी काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. म्हणजे उपायानेच काळेपणा येतो.

‘मेडिकलमधली ट्यूब.’ सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन (रंग फिका करणारं औषध), ट्रेटिनॉइन (‘अ’ जीवनसत्त्वापासूनचं औषध) आणि मोमेटासोनसारखं स्टेरॉइड एकत्र असतं. वांगावर (चेहऱ्यावरच्या काळपट डागांवर) डॉक्टर हे मिश्रण ठरावीक आठवडेच देतात. स्टेरॉइडनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पहिल्या दिवसांत चेहरा उजळ भासतो आणि माणूस ट्यूब सोडत नाही. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरुमं आणि लव वाढते. बंद केली की चेहरा लाल होऊन भाजल्यासारखा जळजळतो, म्हणून पुन्हा तीच ट्यूब लावली जाते. हायड्रोक्विनोन फार काळ लावलं तर निळसर-काळे डाग पडू शकतात, ते सहसा जात नाहीत. नावाच्या शेवटी ‘सोन’ किंवा ‘सोल’ दिसलं (बीटामेथासोन, क्लोबेटासोल) तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नका. आधीच महिनोन्‌महिने लावत असाल, तर एकदम न थांबवता त्वचारोगतज्ज्ञांकडून हळूहळू कमी करून घ्या. गर्भारपणात ट्रेटिनॉइन टाळायचंच. उत्पादकाचा पत्ता आणि परवाना क्रमांक नसलेल्या डब्यांत पारा असू शकतो, आणि पाऱ्यानं मूत्रपिंडं बिघडतात.

‘मानेचा काळेपणा घासून जातो.’ मखमलीसारखा जाड काळा पट्टा म्हणजे मळ नव्हे. अनेकदा शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असते. घासून तो वाढतो. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या.

‘आत्मविश्वास वाढतो.’ रंग म्हणजे उणीव, हे आधी मनात भरवायचं आणि मग त्यावर उपाय विकायचा, असा हा डाव आहे. बाजारालाही आपली भाषा बदलावी लागली : २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’नं नावातला ‘फेअर’ काढला, शादी डॉट कॉमनं त्वचेच्या रंगानुसार स्थळं शोधण्याची सोय काढली. संदेशातले ‘आधी-नंतर’चे फोटो प्रकाश बदलूनही असे दिसतात. पडताळायचं तर ब्यूटी मोड बंद करून, एकाच खिडकीशी, एकाच वेळी फोटो काढा.

चेहऱ्याला खरोखर हवंय ते एसपीएफ ३० चं सनस्क्रीन : चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीइतकं, उन्हात दर २ तासांनी पुन्हा. आणि घरातल्या मुलीला ‘किती काळवंडलीस गं’ म्हणण्याऐवजी ‘कुठे जळजळतंय का?’ एवढंच विचारा.