आरामच हवा असेल तर नीलला चार रात्री राहा

थंडी पडायला लागली की मला दरवर्षी दोन-तीन जणी तरी तोच तक्ता पाठवतात. अंदमान, पाच रात्री सहा दिवस. पहिल्या दिवशी विमानतळावरून थेट सेल्युलर जेल. दुसऱ्या दिवशी पहाटेची बोट, हॅवलॉक बेट, राधानगर बीच. तिसऱ्या दिवशी एलिफंट बीच. चौथ्या दिवशी नील बेट, काही तासांत बघून त्याच संध्याकाळी परत. आणि खाली प्रश्न: "बरं वाटतंय ना गं? आम्हाला फक्त निवांत बसायचंय."

नाही वाटत बरं. दरवेळी एकेकीला वेगळं लिहिते, आज सगळ्यांसाठी एकदाच लिहिते.

२०१६ मध्ये आम्ही हाच तक्ता घेऊन गेलो होतो. सहा दिवसांत बॅगा चारदा भरल्या. धाकटीला बोट लागली, ती हॅवलॉकला पोचेपर्यंत माझ्या मांडीवर आडवी होती आणि उतरल्या उतरल्या आम्हाला गाडीत बसवलं, कारण राधानगरचा सूर्यास्त चुकायला नको. नीलवर तीन तास मिळाले. त्यातला एक जेवणात गेला. परतीच्या बोटीत आईने विचारलं, "ते शेवटचं बेट कुठलं होतं गं? तिथे थांबायला हवं होतं." तेव्हाच ठरवलं, पुन्हा आलो तर तिथेच थांबायचं.

जानेवारी २०२३ मध्ये गेलो. आई चौऱ्याहत्तरची, दोन्ही गुडघे दुखरे. चार रात्री फक्त नील.

२०१८ च्या डिसेंबरात या बेटांची नावं बदलली. हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. पोर्ट ब्लेअरही २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. पण जेटीवर, रिक्षात, दुकानात जुनीच नावं तोंडात असतात, म्हणून मीही तीच लिहिते.

नील म्हणजे जेमतेम १३-१४ चौरस किलोमीटर. हॅवलॉक त्याच्या सहापटीहून मोठं. माझ्या मते फरक इथेच पडतो. मोठ्या बेटावर प्रत्येक किनारा लांब, म्हणून प्रत्येक किनाऱ्याची एक सहल होते, गाडी ठरवावी लागते, वेळ गाठावी लागते. नीलवर पूर्वेला सीतापूर, तिथे सूर्य उगवतो. पश्चिमेला लक्ष्मणपूर, तिथे मावळतो. जेटीला लागूनच भरतपूर. शिवाय रामनगर. रिक्षा केली तर कुठूनही कुठे पोचायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. त्यामुळे "आज नको, उद्या जाऊ" असं म्हणता येतं. सुट्टीत हे वाक्य म्हणता यायलाच हवं असं मला मनापासून वाटतं.

ही रामायणातली नावं कुठून आली? फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे जमिनी देऊन वसवलं. त्यांनी जंगलातून शेतं उभी केली. आजही नीलची भाजी बोटीने पोर्ट ब्लेअरच्या बाजारात जाते. किनाऱ्यावरून दोन वळणं आत गेलात की भाताची खाचरं, केळी, सुपारी, वांग्याचे वाफे, अंगणात तुळस. आई मूळची गुहागरची. पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "हे तर आपल्याकडच्यासारखंच आहे, फक्त बोलतात बंगाली."

आता कामाच्या दोन गोष्टी, ज्या तक्त्यात कुणी लिहीत नाही.

एक म्हणजे सूर्य. अंदमान इतकं पूर्वेला आहे आणि घड्याळ मात्र आपलंच. जानेवारीअखेरीस सहाच्या आत उजाडतं आणि संध्याकाळी साडेपाचला सूर्य बुडतो. आपल्या सवयीने नऊला नाश्ता आणि अकराला समुद्र असं केलंत, तर दिवसाचा उत्तम भाग झोपेत जातो आणि उरलेला उन्हात. आम्ही साडेपाचला उठून सीतापूरला जायचो, आठला परत, मग दुपारभर सावलीत.

दुसरी, आणि जास्त महत्त्वाची, भरती-ओहोटी. भरतपूरचं पाणी उथळ, शांत, फोटोत दिसतं तसंच हिरवं-निळं. पण ते भरतीला. ओहोटीला तिथे प्रवाळाचे खडक उघडे पडतात, पोहणं सोडा, पाय ठेवायला जागा नसते. उलट लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावरची दगडी कमान, जिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच नीट बघता येते. वाट निसरड्या खडकांतून आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी जाऊ नये. आई गेली नाही. तेव्हा तारखा ठरवताना हॉटेलच्या सवलतीआधी भरतीच्या वेळा बघा. उजेडाच्या वेळी भरपूर पाणी असेल असे दिवस निवडा.

हॅवलॉक वाईट आहे असं मी म्हणत नाही. राधानगरसारखा रुंद, पांढरा, मागे गर्द झाडी असलेला किनारा मी दुसरा पाहिलेला नाही. २००४ मध्ये टाइम मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं होतं, ते पटतं. स्कूबा शिकायचं असेल, संध्याकाळी चार ठिकाणी खायला-फिरायला हवं असेल, तर हॅवलॉकलाच जा. पण मग तिथेच चार रात्री काढा. एकेक रात्र वाटत फिरू नका. लक्षद्वीपचंही खूप जण विचारतात. सुंदर आहे, पण परवाना लागतो, खोल्या मोजक्या. म्हाताऱ्या माणसाला घेऊन मी तरी आधी नीललाच जाईन.

आणि सेल्युलर जेल. आपण मराठी माणसं अंदमानला जातो त्यात ती ओढ असतेच, असायलाच हवी. म्हणूनच ते दर्शन विमानातून उतरल्या उतरल्या, झोपाळलेल्या मुलांना ओढत उरकू नका. परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी पोर्ट ब्लेअरला या. एवीतेवी यायलाच हवं, कारण समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. तो अख्खा दिवस तिथे द्या. जेलच्या सात इमारतींपैकी तीनच आता उभ्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या सावरकरांच्या कोठडीपर्यंत आई कठडा धरून, थांबत थांबत चढली. खाली उतरायची तिला घाई नव्हती, आणि आम्हालाही नव्हती.

एक कळकळीची विनंती. प्रवाळावर उभं राहू नका. दगड वाटतो, पण तो जिवंत असतो. २०१० मध्ये समुद्र तापून इथलं कितीतरी प्रवाळ पांढरं पडलं होतं. त्याला सावरायला वर्षं लागतात, मोडायला एक टाच पुरते. शिंपले-शंखही उचलून आणू नका, बंदी आहे. आणि लाइफगार्ड नको म्हणाला तर पाण्यात उतरू नका. या बेटांवर खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत.

माघी गणेश जयंतीला, म्हणजे २५ तारखेला, आईने सकाळीच सांगितलं की आज तीनला भरती. कोकणातला हिशेब, तिथीच्या आकड्याच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थी म्हणजे चार, म्हणून तीन. आम्ही त्या बेताने भरतपूरला पोचलो तर पाणी केव्हाच उतरायला लागलेलं. आई चकित. किनाऱ्यावर शहाळी विकणाऱ्या बंगाली बाईंशी तिची हिंदी-मराठीत चर्चा झाली. त्यांनी हातवारे करून समजावलं की इथे पाणी बरंच आधी येतं. आई घड्याळाकडे बघत पुटपुटत राहिली.

दुसऱ्या दिवशी वसंत पंचमी. गावात सरस्वतीपूजा होती. पिवळ्या साड्या नेसलेल्या मुली, मूर्तीपुढे ठेवलेली शाळेची पुस्तकं. त्या शहाळेवाल्या बाईंनीच हाक मारून आम्हाला मांडवात नेलं, पानावर खिचडी वाढली. आईने दोनदा मागून घेतली. मग म्हणाली, "चला, आवरा. आज तीन-पावणेचारची वाट बघायची नाही, पाणी आत्ताच भरलं असेल."

भरलं होतं. प्लास्टिकची खुर्ची गुडघाभर पाण्यात ठेवून ती त्यात बसली, साडीचा काठ मांडीवर गोळा करून, आणि दीड तास उठली नाही.