राख दोषी, पण एकटी नाही

‘वणव्याची राख मातीची छिद्रं बुजवते, म्हणून पाणी मुरत नाही’ हे एका लेखातलं वाक्य अर्धंच खरं. राखेचा जाड थर असेल तर सुरुवातीला तोच पाणी धरून ठेवतो. बारीक राख छिद्रांत उतरली किंवा पावसाच्या थेंबांच्या माऱ्याने तिची खपली धरली, की मग पाणी वरून पळतं. खरी गोम बऱ्याचदा राखेखाली असते. पाचोळ्यातले मेणचट पदार्थ उष्णतेने वाफ होऊन खालच्या थंड मातीत गोठतात. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली माती पाणी झिडकारते. ३०० च्या पुढे तो मेणचटपणाच जळून जातो.

गेल्या उन्हाळ्यात पुण्यातल्या वेताळ टेकडीवर जळालेल्या पट्ट्यात बाटलीतलं पाणी ओतून पाहिलं. (येणारेजाणारे हसले, हसू देत.) नुसतं गवत जळालं होतं तिथे पाणी लगेच जिरलं, गवताची आग झरझर पुढे सरकते, माती फारशी तापत नाही. ग्लिरिसिडियाच्या झाडांखाली, जिथे पाचोळा धुमसत राहिला होता, तिथे राख बाजूला सारली तर थेंब पाऱ्यासारखे गोल बसून राहिले. बोटभर उकरल्यावर मात्र जिरले.