व्यायलेल्या गाईला काठी आणि वासराला उपास? हा सल्ला पाळू नका

‘व्यायल्यावर गाय मारत असेल तर हे उपाय करा’ असा मजकूर दूधवाल्यांच्या ग्रुपांवर फिरतोय. काल तो माझ्या मावसभावाने मला पाठवला आणि खाली विचारलं, ‘असंच करायचं ना?’ त्याची पहिलारू कालवड व्यायला टेकलीय. नाही रे बाबा, असं करायचं नाही.

सगळ्यात घातक मुद्दा आधी घेतो. ‘जार पडेपर्यंत वासराला सडाला लावू नका, त्यानेच गाय चवताळते. पहिला चीक खरवसाला काढा.’ जार म्हणजे व्यायल्यावर बाहेर पडणारी वार. वासरू पोटात असताना गाईची प्रतिकारशक्ती या वारेतून त्याच्याकडे जातच नाही. ती मिळते फक्त चिकातून. मर्कच्या पशुवैद्यकीय मॅन्युअलमध्ये स्पष्ट दिलंय की चिकातली प्रतिपिंडं (रोगाशी लढणारी प्रथिनं) शोषून घेण्याची वासराच्या आतड्याची क्षमता जन्मापासून घटत जाते आणि साधारण 24 तासांत संपते. जार पडायला कधी कधी 12 तासही लागतात. तोवर वासरू उपाशी ठेवलं तर पुढे हगवण लागून ते मेलं की ‘नजर लागली’ म्हणायचं! उलट वासरू लुचलं की गाईच्या शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक सुटतं, पान्हा येतो, गर्भाशय आकुंचन पावतं आणि जार पडायला मदतच होते. 25 किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. गाय जवळ येऊच देत नसेल तर तिला खोड्यात घ्या, चीक काढा आणि निपलच्या बाटलीने पाजा. खरवस उरलेल्या चिकाचा करा.

‘दोन काठ्या घाला, वठणीवर येते.’ अहो, ती वासराला काही होईल या भीतीने अंगावर येतेय. मार बसला की ती भीती खरी ठरते. पहिलारू लाथा झाडते तेव्हा बहुतेकदा कास सुजून ठणकत असते. शिवाय 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने जनावराला असं मारणं गुन्हा आहे.

लोंबणाऱ्या जाराला वीट बांधायचा सल्लाही त्यात आहे. जार तुटून आत राहतो, कुजतो, कधी अंगही (गर्भाशय) बाहेर येतं. विषय संपला.

‘अचानक पिसाळली तर बाहेरची बाधा, मिरच्या ओवाळा.’ इथे माणसाचा जीव जाईल. गाय सतत हंबरतेय, लाळ गळतेय, तिला गिळता येत नाही, तर रेबीजची शंका घ्या, मग कुत्रं चावल्याचं कोणी पाहिलेलं असो वा नसो. घशात काही अडकलंय समजून तोंडात हात घालू नका. लाळेशी संबंध आलाच तर ती जागा किंवा जखम साबणाने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घ्या.

एक मुद्दा मात्र मान्य करावा लागतो: परकी माणसं आणि कुत्री गोठ्यापासून लांब ठेवा. बरोबर आहे. पण तेवढ्याने भागत नाही. रोजच्या धार काढणाऱ्यानेच जवळ जावं, आवाज देत, तिला दिसेल अशा बाजूने. गाय आणि वासरू यांच्या मधे कधीच उभं राहू नये. नाळेला आयोडीन लावायचं तर आधी गाय दाव्याला बांधावी आणि वासरू तिच्या नजरेसमोर ठेवावं. आपल्याला निसटायची वाट मोकळी असावी. आणि 12 तासांनंतरही जार पडला नाही तर 1962 या पशुवैद्यकीय हेल्पलाइनवर फोन करून डॉक्टरांना बोलवावं.