मागे कोणीतरी आहे

"मॅडम, आवाज छान आलाय. फक्त मागे कोणीतरी आहे."

फाइल पाठवून मी जेमतेम हेडफोन उतरवले होते. मी व्हिडिओंना आवाज देते. हा एका कंपनीचा, कर्मचाऱ्यांना दाखवायचा प्रशिक्षणाचा व्हिडिओ, विषय आगीपासून सुरक्षा. फोनवर त्या कंपनीचे साहेब. खोली बंद, पंखा बंद, घड्याळाचा सेलसुद्धा काढलेला. मागे कोण असणार?

"कुठे ऐकू येतंय?"

"सगळीकडे. दर वाक्याच्या आधी येतो."

"येऊन काय करतो?"

"श्वास घेतो."

"अहो साहेब, ती मीच."

पलीकडे शांतता. मग जरा संशयाने, "पण तुम्ही तर बोलताय ना?"

यावर काय उत्तर द्यायचं ते मला अजून सुचलेलं नाही. साहेबांनी नुकतेच भारी हेडफोन घेतले होते आणि तेव्हापासून त्यांना 'सगळं' ऐकू येऊ लागलं होतं. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, "बातम्या देणारे कुठे श्वास घेतात?" मी म्हटलं, घेतात, नाहीतर पुढची बातमी त्यांच्याचबद्दल असती. हे त्यांनी ऐकलं नाही. त्यांना तोडगा सापडला होता.

"असं करता येईल का, की सुरू करायच्या आधीच तुम्ही सगळा श्वास घेऊन ठेवायचा?"

"सगळा म्हणजे किती?"

"म्हणजे व्हिडिओ संपेपर्यंत पुरेल इतका."

शांत बसलेला माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. बोलताना आपण तो तोंडाने पटकन ओढतो आणि सावकाश, शब्दाशब्दाने खर्च करतो. लांब वाक्य असेल तर आधीचा श्वासही मोठा. आणि ही वाक्यं लिहिली होती कोणी? याच साहेबांनी. "आपत्कालीन परिस्थिती उद्भवल्यास संबंधित मजल्यावरील सर्व उपस्थित कर्मचाऱ्यांनी आपापल्या विभागप्रमुखांच्या निर्देशानुसार पूर्वनियोजित मार्गाचा अवलंब करून" वगैरे वगैरे. क्रियापद येईपर्यंत इमारत रिकामी होते. या वाक्यात एक स्वल्पविराम टाकला असता तरी मागचा तो 'कोणीतरी' जरा हळू आला असता.

श्वास रेकॉर्डिंगमध्ये इतका मोठा का वाटतो, तेही सांगते. साहेबांनी सांगू दिलं नाही. माइक तोंडापासून वीतभर अंतरावर. त्यानंतर आवाजावर कॉम्प्रेसर लागतो. तो मोठे आवाज दाबतो, मग सगळ्याचीच पातळी वर उचलली जाते आणि कोपऱ्यात गप्प बसलेला श्वास पहिल्या रांगेत येऊन बसतो. यावरचा शहाणा उपाय जुना आहे: एडिटिंगच्या टाइमलाइनवर तेवढा तुकडा धरायचा आणि ६ ते १२ डेसिबलने खाली आणायचा. श्वास राहतो, खुपत नाही. मी हेच सुचवलं होतं. उत्तर आलं, "खाली नको, काढूनच टाका."

काढले. आधी आपोआप श्वास ओळखणारं प्लगइन, म्हणजे एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला जोडायची छोटी पुरवणी, लावलं. त्याला श्वास आणि 'स' यांतला फरक कळेना. दोन्ही शेवटी हवेचीच सळसळ. 'सावधान'चं 'आवधान' झालं आणि 'शिस्त' मधूनच फाटली. मग एकेक श्वास हाताने वेचत बसले. नुसता कापून भागत नाही, तिथे ठार शांतता पडते आणि ऐकणाऱ्याला वाटतं फाइल बंद पडली. म्हणून रिकाम्या खोलीची जी बारीक गुणगुण असते, तो रूम टोन, प्रत्येक भोकात भरायचा. बोलायचं काम केव्हाच झालं होतं. हे न बोलण्याचं काम संपता संपेना. डोळे चुरचुरायला लागले.

जाहिरातीत श्वास कापतात ते मला समजतं. ३० सेकंदांत सगळं कोंबायचं असतं, तिथे माणसाला वाव नाही. पण आग लागल्यावर काय करायचं हे सांगणारी बाई अजिबात श्वास घेत नसेल, तर तिच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

दुसरा फोन आला. साहेबांचा आवाज पडलेला.

"मॅडम, ऐकताना गुदमरल्यासारखं होतंय. आमच्या एका सहकाऱ्याला तर दम लागला."

"मग?"

"थोडे श्वास घाला ना. पण ऐकू येणार नाहीत असे."

पुढचं वाक्य मात्र लागलं. "नाहीतर कॉम्प्युटरचा आवाज घेऊ आम्ही. तो फारच नॅचरल येतो हल्ली." येईलच. ॲमेझॉनच्या पॉली नावाच्या, लिहिलेला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सेवेत तर कुठे आणि केवढा श्वास घ्यायचा याच्या खुणा मजकुरात घालता येतात. फुप्फुसं नसलेल्याने श्वास घेतला की कौतुक. मी घेतला की 'मागे कोणीतरी आहे'. माझ्या ओळखीतले लोक आता सुटे शब्द रेकॉर्ड करून नंतर जोडतात, म्हणजे भानगडच नको. मला ते जमत नाही, आणि जमवायचीही इच्छा नाही.

मूळ रेकॉर्डिंग काढलं, श्वास ८ डेसिबलने खाली घेतले, पाठवलं. "आता परफेक्ट," साहेब म्हणाले, "हेच आधी करायला हवं होतं."

बिलात मी दोन जादा कामं लिहिली: श्वास काढणे आणि श्वास परत घालणे. हिशेब विभागाचं उत्तर आलंय. एक काम वजा, एक अधिक, निव्वळ बदल शून्य. सबब दोन्ही ओळी वगळून सुधारित बिल पाठवावे.